बंद पडणारी गाडी

आमच्या भागातल्या निम्म्या लोकांना गाडी मास्तरांनी शिकवली, आणि उरलेल्या निम्म्यांनी मास्तरांमुळेच गाडी शिकायचा नाद सोडला. मी पहिल्या निम्म्यातला, पण थोडक्यात वाचलेला. मास्तर शेजारच्या सीटवर बसायचे. त्यांच्या पायाखाली वेगळा ब्रेक असायचा, वेगळा क्लच असायचा. तोंडाला मात्र दोन्हीही नव्हते. गाडी बंद पडली की ते आधी डोळे मिटून घ्यायचे, मग शिकणाऱ्याच्या बुद्धीपासून सुरुवात करून हळूहळू त्याच्या घराण्यावर यायचे. माणूस घाबरून पुन्हा क्लच सोडायचा, गाडी पुन्हा बंद पडायची, आणि मास्तरांना आणखी एक पिढी मागे जावं लागायचं. मात्र इतक्या वर्षांत त्यांच्या गाडीला एकही अपघात झाला नाही. हे ते स्वतःच सांगायचे, पण खरं होतं.

मास्तरीणबाई एका शाळेत ग्रंथपाल होत्या. ‘शांतता पाळा’ अशी पाटी पाठीशी घेऊन त्या सकाळभर बसायच्या आणि दुपारी घरी यायच्या. लग्नानंतर पहिल्याच वर्षी मास्तरांनी त्यांना गाडी शिकवायला घेतली होती. तो प्रयोग अर्धा तास चालला. बाईंनी गाडी रस्त्याच्या कडेला नीट उभी केली, किल्ली काढून नवऱ्याच्या हातावर ठेवली आणि त्या चालत घरी गेल्या. त्यानंतर दोघांचा संसार उत्तम झाला, कारण हा विषय पुन्हा निघाला नाही.

पुढे मास्तरांच्या उजव्या डोळ्याचा पडदा सुटला. ऑपरेशन झालं, डॉक्टरांनी ते यशस्वी झाल्याचं सांगितलं, फक्त दिसेना. परवाना कार्यालयाने शिकवायचा परवाना काढून घेतला आणि स्वतःही गाडी चालवू नये असं कळवलं. ड्रायव्हिंगच्या शाळेची दोन ब्रेकवाली गाडी मास्तरांनी आपल्या हाताखालच्या माणसाला देऊन टाकली. त्याला सगळे धाकटे मास्तर म्हणत. हा माणूस फार मऊ आहे, वर्षभरात शाळा बुडवेल, असं भाकीत त्यांनी केलं. वर्षभरात धाकट्या मास्तरांनी दुसरी गाडी घेतली.

मास्तर घरी बसले, म्हणजे बायकोच्या शेजारी बसले. बाई कपात चहा ओतायला लागल्या आणि चहा काठाशी आला की मास्तरांचा उजवा पाय जमिनीवर दाबला जायचा. त्या जिन्याचं वळण भरकन घ्यायला लागल्या की ते मागून “आरसा, आरसा” म्हणायचे. घरची जुनी गाडी अंगणात ताडपत्रीखाली उभी होती. डोळ्यांच्या दवाखान्यात जायला टॅक्सी बोलवावी लागे, आणि मास्तर टॅक्सीवाल्यालाही शिकवत. एकाने त्यांना अर्ध्या वाटेत उतरवलं.

त्यांची मुलगी दुसऱ्या शहरात नर्सिंगच्या कॉलेजात शिकवायची. त्या कॉलेजाचा एक वॉर्ड संगणकातल्या आभासी जगात होता. तिथे खाटा, सलाइनचे स्टँड आणि खोटे पेशंट होते, आणि मुली त्यांच्यावर हात साफ करून घेत. त्या जगाची गंमत अशी, की तिथलं सगळं तिथल्याच लोकांनी बांधलेलं असतं. आपण एक शरीर घेऊन आत जायचं, फिरायचं, आणि हवी ती वस्तू स्वतः घडवायची. मुलीने खाटा स्वतः घडवल्या होत्या, आणि पेशंटचं मनगट धरलं की नाडी लागावी अशी सोयही केली होती. आईचं डोकं फिरायच्या आत बाबांना कुठेतरी गुंतवलं पाहिजे, असा विचार करून एका सुट्टीत तिने घरच्या संगणकावर ते जग उघडून दिलं.

त्या जगाने मास्तरांना रुंद छातीचा, भरपूर केसांचा तरुण करून टाकलं. मास्तरांना ते पटलं नाही. खोटं कशाला दिसायचं, म्हणून त्यांनी एक पूर्ण दुपार खर्च करून टक्कल आणलं, खांदे उतरवले आणि पोट सोडलं. लोक तिथे सुंदर व्हायला जातात, पोटासाठी मेहनत घेणारा हा पहिलाच माणूस, असं बाई म्हणाल्या. मुलगी तिथे निळ्या केसांची होती. मास्तरांनी केसांबद्दल विचारलं, तिने पोटाबद्दल विचारलं, आणि विषय मिटला.

तिने त्यांना सरावाच्या मैदानावर नेलं. आपल्या भाषेत लिहिणारी बरीच मंडळी तिथे जमायची. तिथे कोणीही काहीही बांधावं आणि शिकावं. बांधलेलं तसंच टाकून गेलं, तर मैदान काही वेळाने ते आपोआप उचलून ज्याच्या त्याच्या पोतडीत परत घालतं. मास्तरांना ही शिस्त फार आवडली.

सगळ्याची सुरुवात ठोकळ्यापासून होते. ठोकळा ताणला की फळी, फळ्या जोडल्या की पेटी. नळकांडं आडवं करून चपटं केलं की चाक. मास्तरांनी अर्थात गाडी करायला घेतली. पहिली गाडी साबणाच्या वडीला चार बिस्किटं चिकटवल्यासारखी झाली. तीत बसले तर तोंड मागच्या काचेकडे. मुलीने समजावलं, की बसणाऱ्याने कुठे बघायचं हेही वस्तूला सांगावं लागतं. मग त्यांनी सांगितलं, सुरू करायचा बाण दाबला, आणि मास्तर सीटसकट भरधाव निघाले. गाडी जागेवरच राहिली. सीट गाडीला जोडायची राहून गेली होती. पुढे सीटवरचे मास्तर आणि मागे धावणारी निळ्या केसांची मुलगी, असं ते मैदान ओलांडून गेले.

मग स्क्रिप्ट आली. स्क्रिप्ट म्हणजे वस्तूला दिलेली लेखी ताकीद: कोणी हात लावला की हे करायचं, कोणी बसलं की ते करायचं, हाक मारली की असं वागायचं. प्रत्येक वाक्याच्या शेवटी अर्धविराम लागतो. तो विसरला की यंत्र अख्खं पान नाकारतं आणि अमक्या ओळीत चूक आहे एवढंच सांगतं. मास्तर चिडून मुलीला फोन करायचे. नुसतं चूक आहे, चूक आहे म्हणतं, काय चुकलं ते नीट सांगत नाही, असं शिकवतात का कोणाला, असं त्यांचं म्हणणं होतं. मुलगी त्यांना ती ओळ वाचून दाखवायला सांगायची. गाडी तीही बाबांकडेच शिकली होती.

तरी ते चिकटून राहिले. त्यांनी गाडीला दोन शब्द शिकवले. ‘चल’ म्हटलं की निघायचं, ‘थांब’ म्हटलं की थांबायचं. आता आपल्या लोकांत ‘चल’ न म्हणता कोणी कोणाचा निरोप घेतो का? मैदानावर दोन बायका गप्पा मारत होत्या. त्यातल्या एकीने “चल, येते मग” असं लिहिलं, आणि मास्तरांची रिकामी गाडी त्यांच्या मधून निघून थेट मैदानाकाठच्या समुद्रात गेली. ‘थांब’ म्हणेपर्यंत हाक ऐकू जायच्या पलीकडे गेली होती. त्यानंतर त्यांनी स्क्रिप्टमध्ये बदल केला, की गाडीने फक्त मालकाचं ऐकायचं. हे त्यांनी जेवताना मोठ्या अभिमानाने सांगितलं. कोणीतरी एक ऐकणारं मिळालं ते बरं झालं, असं म्हणून बाईंनी त्यांना वाढलं.

मैदानावर इतरांच्याही गाड्या होत्या, आणि मास्तरांनी त्या पाहिल्या तेव्हा त्यांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. बाण दाबला की पळायच्या, सोडला की थांबायच्या. गिअर नाही, क्लच नाही, चढावर मागे येणं नाही. असल्या गाड्या चालवून माणसं आपल्याला गाडी येते असं समजतात, हा त्यांना घोर अन्याय वाटला. त्यांनी ठरवलं, की या जगात एक तरी खरी गाडी पाहिजे. आणि खरी गाडी म्हणजे, क्लच चुकीचा सोडला तर बंद पडणारी.

पण चालणारी गाडी करणं सोपं, बंद पडणारी करणं महाकठीण. क्लच किती सुटला, अॅक्सिलरेटर किती दाबला, दोन्हींत किती वेळ गेला, याचा हिशेब गाडीने क्षणाक्षणाला ठेवायला हवा. मुलीला एवढं येत होतं, पण तिला सवड नव्हती. तिने त्यांची गाठ घड्याळबाईंशी घालून दिली. घड्याळबाई मैदानाच्या कोपऱ्यात घड्याळं बांधत. खऱ्या जगात त्या कोण, कुठल्या, हे कोणालाच ठाऊक नव्हतं. त्या सगळ्यांना ‘आपण’ म्हणत आणि विचारलेलं तेवढंच सांगत. ठरावीक वेळाने वस्तूला जाग कशी आणायची हे त्यांनी मास्तरांना शिकवलं. मास्तर चुकले की त्या लिहायच्या, “पुन्हा बघू या.” आणि खरंच पुन्हा बघायच्या. आयुष्यात पहिल्यांदाच कोणीतरी मास्तरांना शिकवत होतं आणि ते तोंड मिटून शिकत होते. अर्थात तिथे बोलायचं ते टाइप करून, आणि मास्तर टाइप करत एका बोटाने.

अखेर एके दिवशी गाडी नीट बंद पडली. आधी थरथरली, मग एक आचका दिला आणि गप्प झाली. मास्तर इतके खूश झाले, की त्यांनी बायकोला हाक मारून बोलावलं आणि तीन-चारदा बंद पाडून दाखवली. मग त्यांनी गाडीला बोलायलाही शिकवलं, कारण शेजारच्या सीटवर मास्तर नसेल तर शिकणार कोण? गाडी बंद पडली की पडद्यावर अक्षरं उमटायची, “डोकं घरी ठेवून आलात वाटतं.” दुसऱ्यांदा पडली की त्याच्या पुढचं.

लोक आले, बसले, वाचलं आणि गेले. खऱ्या गाडीत पट्टा बांधलेला माणूस भर चौकात उतरून जात नाही; तिथे एक बटण दाबलं की माणूस दिसेनासा होतो. मास्तरांनी घड्याळबाईंकडे तक्रार केली, की लोकांना शिकायचंच नाही. घड्याळबाईंनी लिहिलं, “इथे कोणाला धरून ठेवता येत नाही. त्याला थांबावंसं वाटलं पाहिजे.” मास्तर दोन दिवस घुश्शात होते. मग त्यांनी दात-ओठ खात जुनी वाक्यं खोडली आणि जन्मात कधी तोंडातून न काढलेलं वाक्य एका बोटाने लिहिलं: “काही हरकत नाही. पुन्हा सुरू करू या.” ही गिऱ्हाइकासाठी साखर आहे, आपलं मत वेगळं आहे, असं त्यांनी बायकोला बजावलं.

साखरेला मुंग्या लागल्या. त्या जगात सगळ्यांना उडता यायचं. लोक पंखांनी उडायचे, ढगांत वाडे बांधून राहायचे. पण चढावर उभी केलेली साधी चार दारांची गाडी मागे न येऊ देता पुढे काढणं कोणाला जमेना. ही मंडळी रांग लावून मास्तरांची गाडी बंद पाडू लागली. मैदानाच्या कडेला कायमची जागा मिळवून मास्तरांनी एक चढ बांधला, वर एक वळण बांधलं. ढगातून उतरून कोणी राणीसाहेब यायच्या, सात वेळा बंद पाडायच्या, सात वेळा गाडी म्हणायची काही हरकत नाही, आणि आठव्यांदा वर पोचल्या की सगळे टाळ्या वाजवायचे. ज्या माणसाच्या नावाने आमच्या भागातली माणसं रस्ता बदलायची, तो तिकडे शांत स्वभावासाठी प्रसिद्ध झाला.

इथून पुढे मास्तरांच्या बाबतीत एक चमत्कारिक गोष्ट घडू लागली. दुपारी जेवून ते तासभर झोपायचे. उठून आत गेले की लोक त्यांचं कौतुक करायचे. कोणी म्हणे, मास्तर, आज काय सुंदर बंद पाडलीत. कोणी म्हणे, स्वतःच्याच गाडीत बसून स्वतःच इतक्यांदा चुकून दाखवणं याला मोठं मन लागतं, आम्हाला फार धीर आला. मास्तरांना आधी वाटलं थट्टा चालली आहे. मग त्यांना स्क्रिप्टमध्ये खोट असल्याचा संशय आला. आपण नसताना आपलं शरीर उठून गाडीत जाऊन बसतं, याचा अर्थ कुठेतरी जागेचा अर्धविराम हलला आहे. त्यांनी प्रत्येक ओळ तपासली. शेवटी घड्याळबाईंना विचारलं, की असा बिघाड आपल्या पाहण्यात आहे का.

घड्याळबाईंनी तो बिघाड पाहिला होता. एका दुपारी मास्तर चढावरून गाडीसकट मागे आले होते, त्यांच्या एका घड्याळावर आदळले होते आणि “माफ करा हं” असं म्हणाले होते. त्यावरूनच त्या समजायचं ते समजल्या होत्या. त्यांनी एवढंच लिहिलं, की असं कधी कधी होतं, आपोआप बरं होईल, आपण वाट बघावी.

खरोखरच काही आठवड्यांनी ते थांबलं. मास्तरांनी त्याचं श्रेय स्वतःच्या दुरुस्तीला दिलं.

एकदा दुपार व्हायच्या सुमाराला मास्तर औषधाच्या दुकानातून डोळ्याचे थेंब घेऊन परत येत होते. मी त्यांना चौकात भेटलो आणि आम्ही सिग्नलपाशी बोलत उभे राहिलो. तेवढ्यात समोर त्यांची जुनी दोन ब्रेकवाली गाडी आली, छपरावर ‘शिकाऊ’ पाटी असलेली. सिग्नल हिरवा झाला, गाडीने आचका दिला आणि बंद पडली. मागून हॉर्न सुरू झाले. मास्तरांचा उजवा पाय फुटपाथच्या फरशीवर दाबला गेला. त्यांनी डोळे मिटले, श्वास घेतला. आता घराणं निघणार हे मी ओळखलं. पण हॉर्नची जराही पर्वा न करता गाडी पुन्हा सुरू झाली, क्लच अगदी अलगद सुटला, आणि ती लोण्यातून सुरी जावी तशी पुढे सरकली. मास्तरांनी डोळे उघडले आणि नकळत “वा” म्हणाले. मग त्यांना चालवणारी दिसली.

शेजारी धाकटे मास्तर बसले होते. त्यांनी आम्हाला पाहिलं आणि नजर समोरच्या काचेवर खिळवली. मास्तरीणबाईंनीही पाहिलं. त्यांनी डावीकडचा दिवा लावला, आरसा पाहिला, आणि वळून गेल्या.

पुढचं मला मास्तरीणबाईंनीच सांगितलं. दुपारी त्या घरी आल्या तेव्हा मास्तर जेवणाच्या टेबलाशी बसले होते. त्यांनी विचारलं, “बंद का पडली?”

“तिसऱ्या गिअरमध्ये राहिली होती.”

“मग?”

“मग काय. काही हरकत नाही म्हटलं, पुन्हा सुरू केली.”

वाक्य ओळखीचं होतं. मास्तरांनी टेबलावरची मिठाची बाटली थोडी सरकवली, पुन्हा जागेवर ठेवली. “म्हणजे दुपारची माझ्या अंगात तू होतीस.”

“हो. सारखं पोट मध्ये येत होतं तुमचं.”

मास्तर हसले नाहीत. परक्या माणसाकडे शिकायला जायची काय गरज होती, घरात शाळा असताना, असं त्यांनी विचारलं. तेव्हा बाई म्हणाल्या, “पाय कसे ठेवायचे ते धाकट्यांनी शिकवलं. न घाबरायला तुमच्या गाडीने शिकवलं. ती किती वेळा बंद पाडली याची मोजदाद नाही, पण एकदाही आवाज चढला नाही तिचा. तुम्ही इतकं छान शिकवता हे मला ठाऊकच नव्हतं.”

वरवर पाहता ही स्तुती होती. मास्तरांनी ती चार दिवस मनात उलटसुलट करून पाहिली आणि अखेर स्तुती म्हणूनच घेतली. पुढे ते मला म्हणाले, की बायकोला मीच तयार केली, फक्त माझी पद्धत आधुनिक होती.

परवान्याच्या परीक्षेत बाई पहिल्यांदा नापास झाल्या. परीक्षक मास्तरांच्या ओळखीचे होते. त्यांच्याशी एक शब्द बोललात तर मी परीक्षाच देणार नाही, असं बाईंनी आधीच सांगून ठेवलं होतं. दुसऱ्यांदा त्या पास झाल्या. ताडपत्री निघाली, बॅटरी बदलली, आणि डोळ्यांच्या दवाखान्यात जाण्यासाठी मास्तर पुन्हा एकदा शेजारच्या सीटवर बसले. या गाडीत त्यांच्या पायाखाली ब्रेक नव्हता. पायपुसणं मात्र होतं, ते दोन महिन्यांत भोक पडून बदलावं लागलं.

बोलण्याबाबत बाईंनी एकच नियम केला. गाडीत गप्प बसायचं. जे काही सांगायचं असेल ते घरी जाऊन टाइप करायचं. मास्तर गप्प बसतात, हे मी स्वतः मागच्या सीटवरून पाहिलं आहे. त्यांचा चेहरा अशा वेळी दाढ काढायला बसलेल्या माणसासारखा असतो. घरी पोचले की ते चपलाही न काढता संगणकापाशी जातात, आणि एका बोटाने का होईना, तिकडच्या गाडीच्या स्क्रिप्टमध्ये मन मोकळं करतात.

तिकडच्या त्या गाडीला अजून रांग असते. पण अलीकडे ती काय बोलेल याचा नेम नाही. चढ चढत असलेल्या एका पंखवाल्या गृहस्थांना ती परवा म्हणाली, की त्या फळवाल्याच्या टोपलीला जरा घासून गेलात, पण असू द्या, पुढच्या वेळी दोन बोटं अंतर ठेवू या. गृहस्थांनी गाडी थांबवली आणि आजूबाजूला पाहिलं. त्या जगात फळवाला कुठेच नव्हता. त्यांनी कोपऱ्यातल्या घड्याळबाईंना विचारलं, की ही काय भानगड आहे. घड्याळबाईंनी हातातलं काम संपवलं आणि उत्तर लिहिलं, की आपण चढाकडे लक्ष द्यावं, हे आपल्यासाठी नाही.